ब्रुमेशनला मराठीत काय म्हणायचं? शीतनिद्रा की सुस्तावणं?

प्रश्न असा आलाय की पाळलेला बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा थंडीत खाणं सोडून लाकडाखाली जाऊन पडून राहतो त्याला ब्रुमेशन म्हणतात, तर मराठीत शीतनिद्रा म्हटलं तर चालेल का.

चालेल, शाळेत बेडकाची शीतनिद्रा आपण सगळ्यांनीच वाचलीय. पण घरातल्या सरड्यासाठी मला तो शब्द नको वाटतो, कारण निद्रा म्हटलं की झोपमोड नको म्हणून माणूस महिना महिना तिकडे फिरकत नाही आणि हा प्राणी तर अधूनमधून जागा होतो, उबदार दिवशी चार पावलं चालतो, पाणी पितो. माझ्याकडचा ड्रॅगन असा पडलेला असताना नाकावर पाण्याचा थेंब सोडला की आधी एकच डोळा किलकिला करायचा, मग बऱ्याच वेळानं जीभ बाहेर काढून दोनतीनदा चाटायचा आणि परत डोळा मिटून घ्यायचा. याला झोप कसं म्हणू?

मूळ शब्दातही झोप नाहीये. लॅटिनमध्ये ब्रूमा म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस, ब्रेव्हिस म्हणजे आखूड त्यावरून आलेला, पुढे त्याचाच अर्थ हिवाळा झाला. विल्बर मेह्यू यांनी शिंगवाल्या सरड्यांचा अभ्यास करताना १९६५ मध्ये त्यावरून ब्रुमेशन केलं, आणि ते चपखल आहे कारण दिवस आखूड झाला, ऊब कमी झाली की सरडा मंदावतोच. हायबरनेशनच्या, म्हणजे इंग्रजीतल्या शीतनिद्रेच्या, मुळाशी जो लॅटिन हिएम्स (हिवाळा) आहे तो तर आपल्या हिम आणि हेमंतचा सख्खा भाऊ, हे मला फार आवडतं!

लेखी मराठीत मी शीतसुप्ती लिहीन. सुप्त हा शब्दही झोपेवरूनच आलाय, मान्य, पण आपण सुप्त गुण म्हणतो तेव्हा आत आहे, दबून आहे एवढंच मनात असतं.

बोलताना मात्र सरळ 'सुस्तावलाय' म्हणा. आपल्याकडे अजगर सुस्त असतो आणि आजारी पोर मलूल असतं, हा फरक आपल्याला न शिकवता कळतो आणि इथे तोच सगळ्यात कामाचा आहे. सुस्तावलेला ड्रॅगन हात लावला की थोडा का होईना प्रतिसाद देतो, अंग भरलेलं असतं, दर आठवड्याला वजन केलं तर काटा फारसा हलत नाही. डोळे खोल गेलेत, शेपटीचं बूड बारीक झालंय, वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलंय तर तो मलूल आहे, लगेच डॉक्टरांकडे न्या. वर्षाच्या आतलं पिल्लू असं पडून राहिलं तर त्याला सुस्ती समजूच नका, दाखवूनच घ्या. मोठ्यांचीही सुस्तावण्याआधी विष्ठा तपासून घेतलेली बरी, पोटात जंत असतील तर या दिवसांत ते जड जातं.

बाहेर येतो तेव्हाही मी 'उठला' म्हणत नाही, 'तरतरी आली' म्हणतो. उठला म्हटलं की लगेच खायला घालावंसं वाटतं, आणि अंग गार असताना पोटात गेलेलं पचत नाही, तसंच कुजतं. आधी पाणी, मग दिव्याखाली शेक, आणि तो आपणहून मान वर करून इकडेतिकडे बघायला लागला की मग खाणं, तेही थोडंसंच.