गिझर चांगला आहे, जॉइंट शोधा

तुमचं घर वाशीतल्या जुन्या सिडको इमारतीत, गिझर १५ लिटरचा, त्याच्यावरच्या माहितीच्या प्लेटवर २००० वॅट आणि २३० व्होल्ट. इलेक्ट्रिशियनने गिझरच्या टर्मिनलवर मोजलं तेव्हा बंद असताना २३० व्होल्ट, चालू केल्यावर २१२ व्होल्ट आणि ८ अँपिअर. २१२ गुणिले ८ म्हणजे १६९६ वॅट, मग दुकानदाराने कमी वॅटचा माल गळ्यात मारला का, असं तुम्ही विचारलंय.

नाही मारला. व्होल्टला अँपिअरने भागा, म्हणजे रोध (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) मिळतो: २१२ भागिले ८, म्हणजे २६.५ ओहम. आता प्लेटवरून काढा. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट, ५२,९०० भागिले २०००, उत्तर २६.४५ ओहम. रोध जुळला, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल बरोबर आहे. गिझरच्या कॉइलचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे ही तुलना चालते. (पिवळ्या फिलामेंट बल्बला हा हिशेब लावू नका, थंड असताना त्याचा रोध कितीतरी कमी असतो. पंख्याच्या बाबतीत नुसत्या व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकाराने खरे वॅट मिळत नाहीत, तिथे पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॅट आणि त्या गुणाकाराचं गुणोत्तर, मध्ये येतं.)

वॅट कमी पडले ते व्होल्टेज पडल्यामुळे. व्होल्टेज ८ टक्के उतरलं की वॅट १५ टक्के उतरतात, कारण हिशेब वर्गाचा आहे. पाणी तापायला तीनेक मिनिटं जास्त लागतील, एवढंच. मला काळजी वाटते ती मधल्या १८ व्होल्टची.

ते १८ व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होतायत. १८ भागिले ८ म्हणजे सव्वादोन ओहम, आणि १८ गुणिले ८ म्हणजे १४४ वॅट. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम असतो. बोर्डापासून गिझर १५ मीटरवर धरला तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे पाव ओहमसुद्धा नाही. मग उरलेले दोन ओहम एखाद्या सैल स्क्रूत किंवा जळक्या जॉइंटमध्ये असणार. एका ठिकाणी शंभराहून जास्त वॅट म्हणजे २५ वॅटचे चार-पाच सोल्डरिंग आयर्न एकाच वेळी सॉकेटमागे खुपसून ठेवल्यासारखं. तो जॉइंट दुरुस्त होईपर्यंत गिझर वापरू नका, हे अगदी ठामपणे सांगतो.

जागा शोधायची सोपी युक्ती म्हणजे काही क्षणच गिझर लावून हॉलमधल्या पंख्याकडे बघणं. एलईडीवर विसंबू नका, व्होल्टेज पडलं तरी त्यातले बरेच तेवढाच उजेड देतात. पंखा मंदावला तर दोष एमसीबीच्या (बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) आधी, बहुधा मीटर रूममध्ये. तिथे स्वतः हात घालायचा नाही, मीटरच्या बाजूचं काम असेल तर महावितरणला कळवा. पंखा तसाच फिरत राहिला तर दोष गिझरच्या लाइनमध्ये आहे. मेन बंद करून लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपिअरचं सॉकेट, स्विच आणि एमसीबीचे स्क्रू तपासून घ्या. काळवंडलेलं किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर स्क्रू आवळून भागवू नका, सॉकेट बदला आणि वायरचं जळकं टोक कापून नवीन लावा. न्यूट्रलचं टोकही बघायला सांगा, लोक फक्त फेज तपासून निघून जातात.

काम झाल्यावर त्याच टर्मिनलवर पुन्हा मोजून घ्या, क्लॅम्प मीटरच्या (वायरभोवती पकडून अँपिअर मोजणाऱ्या मीटरच्या) चिमट्यात एकच वायर धरून. दोन्ही धरल्या तर मीटर शून्य दाखवतो. २२७-२२८ व्होल्ट आणि साडेआठच्या वर अँपिअर दिसायला हवेत.