गावातलं छोटं वाचनालय लोकांच्या उपयोगी पडावं म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातलं बाजाराचं गाव, शासनमान्य वाचनालय, अडीचेक हजार पुस्तकं, एक ग्रंथपाल, आणि रोज येणारे म्हणाल तर पेपर चाळणारे पाच-सहा म्हातारे. नवी पुस्तकं घेतली तर गाव येईल का?

नाही येणार. निदान नुसत्या पुस्तकांनी तरी नाही. आधी घड्याळ बदला. वाचनालयाची अकरा ते पाच ही तर कचेरीची वेळ झाली. तेव्हा गाव शेतात असतं, पोरं शाळा-कॉलेजात असतात, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेल्यावर दुपारी कुणी रस्त्यावर फिरकतही नाही. सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८.३० अशी दोन सत्रं ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका अंधार पडता पडता घरी येतात, तेव्हा संध्याकाळचं सत्र अर्धा तास पुढे सरकवा. सुट्टी मात्र बाजारच्या दिवशी नको. आसपासच्या पाड्या-वस्त्यांवरची माणसं आठवड्यातून त्याच एका दिवशी गावात येतात आणि नेमकं तेव्हाच वाचनालयाला कुलूप असतं, असं फार ठिकाणी दिसतं. वेळ बदलताना कार्यकारी मंडळाचा ठराव करा, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला लेखी कळवा आणि नवी वेळ दारावर रंगवून टाका. कागद चिकटवला तर पहिल्या पावसात जातो.

दुसरं काम अभ्यासिकेचं. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणाऱ्या पोरांना घरात बसायला जागा नसते. त्यांना पुस्तकाआधी टेबल, उजेड आणि पंखा लागतो. एका माणसाला अडीच फूट रुंद, दोन फूट खोल एवढी जागा पुरते. विजेचा हिशेब आधी करा. वीस वॅटच्या चार ट्यूब आणि ७५ वॅटचे चार साधे पंखे धरले तर ३८० वॅट होतात. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी एवढ्यावर जेमतेम तीन तास काढते. पंखे ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणारे) घेतले की तीच बॅटरी पाच तासांच्या पुढे जाते. म्हणून पैसे मोठ्या बॅटरीत घालण्याऐवजी पंख्यांत घाला. कूलर ठेवायचाच असेल तर पुस्तकांच्या कपाटांपासून लांब, खिडकीत. कोंडलेल्या ओलीनं बांधणीला बुरशी धरते.

अभ्यासिका चालली की एक हमखास घोळ होतो: पोरं दप्तर ठेवून जागा अडवतात आणि पेपरवाल्या म्हाताऱ्यांना हळूहळू बाहेर ढकलतात. नियम सोपा ठेवा. अर्धा तास जागा रिकामी दिसली तर दप्तर उचलून काउंटरवर. पेपरांचं टेबल ओट्यावर किंवा पुढच्या खोलीत वेगळं असू द्या. मुलींसाठी दाराजवळची रांग राखा आणि स्वच्छतागृहाला आतून कडी आहे ना ते स्वतः बघा. त्या एका कडीपायी मुली येत नाहीत आणि मंडळाच्या बैठकीत 'मुलींना वाचनाची आवड नाही' असा निष्कर्ष निघतो.

स्पर्धा परीक्षांची गाइडं दोन वर्षांत शिळी होतात, त्यावर फार खर्च करू नका. पाचवी ते बारावीची राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं एक संच घ्या, 'संदर्भ – घरी नेण्यासाठी नाही' असा शिक्का मारा. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवताही येतात. जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावरून छापून वर्षवार बांधून ठेवा. सगळ्यात जास्त झिजणारी फाइल तीच असेल. विकत मिळणाऱ्या पुस्तकांची स्कॅन केलेली पीडीएफ वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र टाकू नका. तो कॉपीराइटचा भंग आहे आणि जबाबदारी संस्थेवर येते.

आता देवघेव. कुलूपबंद काचेची कपाटं हा वाचनाचा पहिला शत्रू. किल्ली मागायला लाजणारा माणूस पुस्तक मागत नाही. निदान चारशे-पाचशे चालती पुस्तकं उघड्या मांडणीवर आणा. वर्षाकाठी चार गहाळ होतील, होऊ द्या. ड्युई पद्धतीचा वर्गांक (विषयवार ठरलेला आकडा) दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकानं चढवतात त्या वहीत, जरूर लिहा (मराठी साहित्य ८९१.४६, त्यातली कादंबरी ८९१.४६३), पण वाचकासाठी पुस्तकाच्या पाठीवर रंगीत पट्टी लावा: बालसाहित्य पिवळी, शेती हिरवी, कथा-कादंबरी लाल. एवढ्या संग्रहाला ते पुरतं.

अनामत शंभर रुपये घेत असाल तर ती वेगळ्या खात्यात ठेवा. ती वाचनालयाची कमाई नाही, सभासदाचं देणं आहे. पेपरचं बिल थकलं की हात तिच्याकडेच जातो, मग सभासद गाव सोडताना परत मागतो आणि गल्ल्यात काही नसतं.

बायकांची सभासदसंख्या वाढवायची तर वाचनालयात या म्हणून बोर्ड लावून भागत नाही. पंधरा-वीस पुस्तकांची पिशवी बचत गटाच्या बैठकीला पाठवा, नोंद गटाच्या अध्यक्षांच्या सहीनं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकींना आईच्या कार्डावर पुस्तक द्या. त्या दिवसांत मागणी एकदम वाढते. जिल्हा परिषद शाळेला चाळीस पुस्तकांची पत्र्याची पेटी द्या आणि महिन्याच्या महिन्याला बदला. यादी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा, परत घेताना शिक्षकांसमोर मोजा. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांत पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलणारी मुलं असतात, खालच्या सपाटीवरच्या गावांत अहिराणी. त्यांना पहिल्या दिवशी प्रमाण मराठीतलं जाड पुस्तक देऊ नका. चित्रांचं पुस्तक घ्या, गोष्ट त्यांच्या बोलीत सांगा आणि मग तेच पान मराठीत वाचा. बोली येणारी एखादी बारावीची मुलगी हे काम ग्रंथपालापेक्षा चांगलं करते.

शेतकऱ्यांसाठी एकच फळा पुरे: फळपीक विम्याची शेवटची तारीख, केळी-कापसाचे भाव, भरतीच्या जाहिराती. तारखा ठळक, आणि दर सोमवारी मुदत संपलेलं पुसायचं. शिळा फळा दोनदा दिसला की तिसऱ्यांदा कुणी मान वळवत नाही. ऑनलाइन अर्जात मदत करा, पण सेतू केंद्र होऊ नका. ओटीपी ज्याचा त्यानं टाकावा, आधारची झेरॉक्स ठेवून घेऊ नये, संगणकावर पासवर्ड साठवू देऊ नये.

पुस्तकांची निगा थोडक्यात: लोखंडी मांडणी, भिंतीपासून चार इंच सुटी, खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर, पश्चिमेच्या खिडकीसमोर काही नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते, डिंक कागदात मुरतो आणि दुरुस्ती कायमची बंद होते. पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ वापरा, कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद, तेही मुलांच्या हाताला लागणार नाही असं. कसर लागलेलं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडे कोपरा मिळतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच राहू द्यायची, नाहीतर पानांवर दंव धरतं. कुणी घरातल्या जुन्या मोडी कागदांचं गाठोडं आणून दिलं तर लॅमिनेशन करू नका. सुती कापडात बांधा आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला विचारा.

शेवटी पैसा. अनुदान १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली, वाचनालयाच्या वर्गाप्रमाणे ठरलेलं मिळतं, पण ते हप्त्यानं येतं आणि पेपरवाला दर महिन्याला येतो. तीन महिन्यांचं वर्तमानपत्र बिल नेहमी शिल्लक ठेवा. सहा दैनिकं रोज पाच-सहा रुपयांची धरली तर महिन्याला हजाराच्या आसपास. रद्दीचे पैसे पावती फाडून जमा करा. फाटकी, वाळवी लागलेली पुस्तकं परस्पर रद्दीत घालू नका: मंडळाच्या ठरावाला यादी जोडा, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला विचारून घ्या, दाखल नोंदवहीत त्या त्या क्रमांकासमोर लाल शाईनं 'बाद', तारीख आणि ठराव क्रमांक लिहा. तपासणीला आलेला माणूस आधी तीच वही उघडतो.