'थेट पाळत' नको, 'समक्ष देखरेख' म्हणा

अमेरिकेतल्या तुरुंगांवरचा एक अहवाल मराठीत आणणाऱ्या एका भगिनींनी विचारलं आहे: "'डायरेक्ट सुपरव्हिजन जेल'साठी मी 'प्रत्यक्ष पर्यवेक्षण कारागृह' असं लिहिलं होतं. संपादकांनी सोपं म्हणून 'थेट पाळत असलेला तुरुंग' असं केलं. काय ठेवू?"

'थेट पाळत' कृपा करून ठेवू नका. तुमचं 'प्रत्यक्ष पर्यवेक्षण' चूक नाही, पण ते वाचून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. मी 'समक्ष देखरेख' लिहिलं असतं. का, ते सांगते. त्याआधी ही व्यवस्था नेमकी काय आहे ते पाहायला हवं, कारण इथे शब्द चुकला तर अर्थ थेट उलटा होतो.

जुन्या घडणीच्या तुरुंगात लांब बोळ असतो आणि त्याला लागून गजांच्या कोठड्यांची रांग. रक्षक बोळातून फेरी मारतो. ज्या कोठडीसमोर तो उभा असेल तेवढीच त्याला दिसते. तो पुढे गेला की मागे काय चाललं आहे ते आतल्यांनाच ठाऊक. पुढे दुसरी तऱ्हा आली. कोठड्या एका सामायिक दालनाभोवती मांडल्या आणि रक्षकाला काचेच्या बंद खोलीत बसवलं. आता त्याला सगळं दालन दिसू लागलं, दारं बटणाने उघडता येऊ लागली, पण बोलायचं झालं तर ध्वनिक्षेपकावरून. तुमचा शब्द आहे तिसऱ्या तऱ्हेसाठी. दालन तेच, कोठड्या तशाच भोवतीने, पण मधली काच काढून टाकली. साधारण पन्नास बंद्यांच्या दालनात एक रक्षक आपली पूर्ण पाळी त्यांच्यातच वावरून काढतो. त्याचं टेबल उघड्यावर असतं. कोणीही जाऊन त्याच्याशी बोलू शकतं आणि तोही उठून कोणाजवळही जाऊ शकतो.

अमेरिकेच्या संघीय तुरुंग खात्याने १९७४-७५ मध्ये शिकागो, न्यूयॉर्क आणि सॅन डिएगो इथे अशी केंद्रं उघडली. कॅलिफोर्नियातल्या कॉन्ट्रा कोस्टा काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा स्थानिक विभाग) १९८१ मध्ये मार्टिनेझ गावी हीच पद्धत आणली, तेव्हा स्थानिक तुरुंगांतही ती रुजू लागली. या इमारतींत गजांच्या जागी साधी दारं आली, जमिनीवर गालिचा आला, पोलादी संडासाच्या जागी चिनी मातीचं भांडं आलं. लाड म्हणून नव्हे. फोडता न येणारं सामान ठेवलं की तुम्ही ते फोडणार असंच आम्ही धरून चाललो आहोत, हे त्या माणसाला न बोलता कळतं. शिवाय दालनात सत्तेची जागा कधी रिकामी राहत नाही. रक्षक बाहेर असेल तर आतला कोणीतरी दांडगा ती जागा घेतो. रक्षकाने आत असायचं ते त्यासाठी. भांडण मिटवायला धावण्यापेक्षा ते पेटण्याआधी ओळखणं, हे त्याचं मुख्य काम.

मी शाळेत शिक्षिका होते, आणि हे वाचताना मला सारखा परीक्षेचा वर्ग आठवला. 'सुपरव्हिजन' हा शब्द मराठी घरांत शिरला तो शिक्षकांमुळेच: "आज मला दोन पेपरांचं सुपरव्हिजन आहे." भरारी पथक येतं, पाच मिनिटं वर्ग ढवळून जातं. वर कोपऱ्यात कॅमेरा असतो, तो सगळं टिपतो. आणि बाकांमधून फिरणाऱ्या बाई असतात. एकदा गणिताच्या पेपरला तिसऱ्या बाकावरची मुलगी उत्तरपत्रिका मिटून नुसती बसली होती. पहिल्या फेरीला मला वाटलं, विचार करत असेल. दुसऱ्या फेरीला तिच्या ओठांचा रंग उतरलेला दिसला. पाणी दिलं, खिडकीजवळ बसवलं, दहा मिनिटांनी ती लिहायला लागली. कॅमेऱ्यात ती 'शांत बसलेली विद्यार्थिनी' एवढीच दिसली असती. तुरुंगांच्या त्या तीन तऱ्हा अशाच आहेत: भरारी पथक, कॅमेरा आणि बाई.

आता शब्दांकडे. 'थेट' हा 'डायरेक्ट'चा चांगला प्रतिशब्द आहे, पण पडद्याच्या संदर्भात तो 'थेट प्रक्षेपणा'ला चिकटला आहे. 'थेट देखरेख' म्हटलं की आजच्या वाचकाला नियंत्रण कक्षातल्या पडद्यांची भिंत दिसते. म्हणजे नेमकी तीच गोष्ट, जी या पद्धतीने मोडीत काढली.

'पाळत' त्याहून घातक. पाळणे म्हणजे राखणे, सांभाळणे. पण 'पाळत ठेवणे' म्हणजे समोरच्याला कळू न देता नजर ठेवणे. घरफोडी करणारे बंगल्यावर पाळत ठेवतात, साध्या वेशातले पोलीस संशयितावर ठेवतात. पाळतीत लपणं आलंच. बेंथम या इंग्रज विचारवंताने अठराव्या शतकाच्या अखेरीस जो गोल तुरुंग कल्पिला, मधोमध मनोरा आणि भोवती कोठड्या, त्याला 'पाळत' शोभतो, कारण मनोऱ्यातला माणूस आपल्याकडे पाहतो आहे की नाही हे कैद्याला कळूच नये अशी ती रचना होती. अंदमानच्या सेल्युलर जेलचाही मधला मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारखे निघालेले सात इमले आठवा. एका इमल्याच्या कोठड्यांसमोर पुढच्या इमल्याची पाठ यायची, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये. तुमच्या अहवालातल्या दालनात सगळे सगळ्यांना दिसतात, रक्षकसुद्धा.

'पहारा' प्रहरातून आला. पाळीपाळीने जागायचं, आणि जागायचं ते दाराशी. पहारेकरी दाराबाहेरचा माणूस. 'निगराणी' फारसीतून आलेला भारदस्त शब्द आहे, पण मराठीत तो पोलीस दप्तराचा वाटतो. फारसीचाच दुसरा शब्द मात्र मला फार आवडतो: 'निगा'. मुळात 'निगाह' म्हणजे नुसती नजर. मराठीत येऊन तिची माया झाली. आपण बाळंतिणीची निगा राखतो, गुरांची राखतो, रोपांची राखतो. पाहता पाहता सांभाळणं असा प्रवास या शब्दाने आपल्याकडे केला. तुरुंगासाठी तो वापरा असं म्हणत नाही, तिथे तो फार मऊ पडेल. पण पाहणं आणि सांभाळणं मराठीला वेगळं वाटत नाही, याची ती साक्ष आहे.

म्हणूनच 'देखरेख'. आजीच्या देखरेखीखाली नातवंडं वाढतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण असतो. देखरेख करणाऱ्यावर जबाबदारी असते आणि ती उघड असते, कोणी चोरून देखरेख करत नाही. 'पर्यवेक्षण' शासकीय परिभाषेत पक्कं बसलेलं आहे, आणि कायद्याचा मसुदा असता तर मीही तोच शब्द ठेवला असता. पण त्यातला 'परि' म्हणजे भोवताली. भोवताली नजर फिरवायला मनोऱ्यावरही उभं राहता येतं.

राहिला 'डायरेक्ट'. 'प्रत्यक्ष' आणि 'समक्ष' या दोन्हींत डोळा आहे. 'प्रत्यक्ष' म्हणजे डोळ्यांपुढचं. पण प्रत्यक्ष कर, प्रत्यक्ष खर्च अशा वापराने तो झिजून 'थेट' किंवा 'खराखुरा' एवढ्यावर आला आहे. 'समक्ष'मध्ये समोरासमोर असणं अजून जिवंत आहे. पंचनामा पंचांसमक्ष होतो. "फोनवर नको, समक्ष बोलू" असं आपण रोज म्हणतो, आणि म्हणताना मध्ये काहीही नको, तार नको, काच नको, असंच आपल्या मनात असतं. समक्ष असणाऱ्याला तुम्ही दिसता आणि तुम्हाला तो दिसतो. काच काढल्यावर उरतं ते हेच.

दोन सावधगिऱ्या. हा 'खुला तुरुंग' नव्हे. मराठीत 'खुलं कारागृह' या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे, आणि त्यामागे आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसवलेलं, जिथे कैदी भिंतीविना शेती करत. समक्ष देखरेखीच्या तुरुंगाला बाहेरच्या भिंती आणि कुलुपं सगळी असतात. अडसर निघतो तो फक्त रक्षक आणि बंदी यांच्यामधला. दुसरं, अमेरिकेत 'जेल' आणि 'प्रिझन' वेगळे. जेल बहुतेक काउंटीचं, खटला चालू असलेल्यांसाठी आणि अल्प शिक्षेच्यांसाठी. मराठीत दोन्हींना तुरुंगच म्हणतात, तेव्हा पहिल्या उल्लेखात 'काउंटीचा तुरुंग, मुख्यतः कच्च्या कैद्यांसाठी' असं लिहा.

कोठड्या आणि त्यांच्या मधलं दालन मिळून जो एक भाग होतो, त्याला इंग्रजीत 'पॉड' म्हणतात. त्याचंही भाषांतर अडेल. शेंग नको. आपल्या वाड्यात मधला चौक आणि भोवतीने खोल्या, प्रत्येकीचं दार चौकात उघडणारं, अशीच ती मांडणी आहे. 'पॉड' शब्द ठेवा, पण त्यातल्या सामायिक दालनाला 'चौक' म्हणा. मग तुमचं वाक्य असं होईल: "या तुरुंगात समक्ष देखरेखीची पद्धत आहे, रक्षक काचेआड न बसता दिवसभर चौकात, बंद्यांमध्येच असतो." एकदा एवढं फोडून लिहिलंत की पुढच्या पानांवर नुसतं 'समक्ष देखरेख' पुरेल. संपादकांना हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा, आणि मग त्याच जागी 'थेट पाळत' घालून पुन्हा वाचा.