एलईडीचा ड्रायव्हर बदलू नका, आधी पत्र्याला कसलेली ती वायर सोडवा

‘एलईडी टेबलावर रात्रभर पेटतात, गाडीवर लावल्या की दोन मिनिटांत जातात.’ तुमचं हे वाक्य मी तीनदा वाचलं. २०१८ च्या शिगम्यात, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या उत्सवात, मी डिचोलीत नेमकं हेच वाक्य भेटेल त्याला सांगत फिरत होतो.

तुमचा प्रश्न मला असा समजला. म्हापशाच्या बाजारात पहाटे भाजी उतरवायला पिकअपच्या हौद्यात उजेड हवा आहे. त्यासाठी ३ वॉटच्या तीन एलईडी सिरीजमध्ये (एकामागे एक), पीटी४११५ आयसीचा बक ड्रायव्हर (व्होल्टेज उतरवून एलईडीला ठरावीकच करंट देणारं छोटं बोर्ड) आणि गाडीचीच १२ व्होल्टची बॅटरी. ड्रायव्हर सीटखाली आहे. तिथून हौद्यापर्यंत एकच लाल वायर गेली आहे आणि एलईडीचा मायनस तिथल्या तिथे पत्र्याला स्क्रूने कसला आहे. दोन सेट गेले. आता जास्त अँपिअरचा कुठला ड्रायव्हर घ्यावा, असं विचारताय.

कुठलाच घेऊ नका. तो स्क्रू काढा आणि मायनसची वेगळी वायर थेट ड्रायव्हरपर्यंत परत न्या. दोष तिथेच आहे, हे मी जवळजवळ खात्रीने सांगतो. ‘जवळजवळ’ एवढ्याचसाठी, की तुमचं बोर्ड मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

गाडीचं वायरिंग केलेल्या माणसाच्या हातात ही सवय मुरलेली असते. हॉर्न असो, इंडिकेटर असो, टेललाइट असो, प्लस वायरने येतो आणि मायनस बॉडीने जातो. वायर अर्धी वाचते. बल्बला ते चालतं. कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरच्या आउटपुटला चालत नाही, आणि का चालत नाही ते मला कुणी वेळेत सांगितलं असतं तर आमच्या मंडळाचे पैसे वाचले असते.

पीटी४११५ मध्ये करंटची वाट अशी आहे: बॅटरीचा प्लस, मग छोटा सेन्स रेझिस्टर, मग एलईडींची माळ, मग कॉइल, मग आयसीच्या आतला स्विच आणि सगळ्यात शेवटी ग्राउंड, म्हणजे बॅटरीचा मायनस. एलईडीचा मायनस म्हणजे ग्राउंड नव्हेच. दोघांच्या मध्ये कॉइल आणि स्विच आहेत, आणि करंटवर ताबा ठेवणारं जे काही आहे ते तिथेच आहे. आयसी सेन्स रेझिस्टरवरचा व्होल्टेज पाहतो. तो ०.१ व्होल्टच्या थोडा वर गेला की स्विच बंद, थोडा खाली आला की चालू. म्हणून सरासरी करंट म्हणजे ०.१ भागिले रेझिस्टर. ०.१५ ओहम असेल तर साधारण ६७० मिलिअँपिअर.

आता एलईडीचा मायनस पत्र्याला लावा. पत्रा बॅटरीच्या मायनसला आधीच जोडलेला आहे. करंट प्लसवरून निघाला, सेन्स रेझिस्टर आणि एलईडी ओलांडून थेट पत्र्यात उतरला. कॉइल आणि स्विच बाजूलाच राहिले. आयसीला करंट जास्त झाल्याचं बरोबर कळतं आणि तो स्विच बंदही करतो. पण करंट त्या स्विचमधून जातच नाहीये, तर बंद करून काय होणार? इंजिन चालू असताना तुमच्या गाडीत १४ व्होल्टच्या आसपास असतात. तीन पांढऱ्या एलईडी ७०० मिलिअँपिअरला साधारण १० व्होल्ट घेतात. उरलेल्या ४ व्होल्टना अडवायला एलईडीचा आणि वायरचा तुटपुंजा रेझिस्टन्स. अडीच-तीन अँपिअर सहज जातात. टेबलावर तुम्ही एलईडीच्या दोन्ही वायरी ड्रायव्हरलाच जोडल्या होत्या, म्हणून तिथे रात्रभर चाललं.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. चित्ररथ कालियामर्दनाचा होता. पाच फणा, प्रत्येक फणेवर ३ वॉटच्या सहा एलईडी, ट्रक २४ व्होल्टचा. लोखंडी सांगाडा ट्रकच्या हौद्यालाच वेल्ड केला होता. पाचही ड्रायव्हर केबिनच्या मागे एका डब्यात बसवले, पाच प्लस वायरी फणांपर्यंत नेल्या, आणि मायनस सांगाड्यालाच कसा, असं मीच मुलांना सांगितलं. घरी एकेक माळ तासन्‌तास चालवून पाहिली होती, त्यामुळे मनात शंकाच नव्हती. बाहेर रोमटामेळाचे (शिगम्यातल्या नाचत्या पथकाचे) ढोल सुरू झाले, ट्रक पुढे सरकला आणि मी स्विच दाबला. फणा अशा लखलखल्या की मुलांनी ‘ओस्सय’ असा शिगम्याचा जयघोष केला. मग पांढरा उजेड निळसर होत गेला, एकेक फणा विझली, आणि आमचा कालिया अंधारात गेला. पोरांनी महिनाभर रात्री जागून कागदाचा लगदा चिकटवला होता. पुढची सगळी मिरवणूक आम्ही जनरेटरवरच्या दोन हॅलोजनवर काढली.

पण सगळ्यात महाग पडलं ते याच्या पुढचं. मी ड्रायव्हरच्या डब्याला हात लावला तेव्हा डबा थंडगार होता. एलईडी जळाल्या आणि ड्रायव्हर कोमटसुद्धा नाही, याचा अर्थ करंट ड्रायव्हरच्या कॉइल आणि स्विचमधून गेलेलाच नाही. उत्तर माझ्या तळहाताखाली होतं आणि मी तिकडे पाहिलं नाही. आयसी बनावट निघाले असं मनाशी ठरवून मोकळा झालो. ज्या दुकानातून माल आणला होता त्यांनी जळालेल्या वस्तूवर वॉरंटी नाही म्हणून हात झटकले आणि वर ‘मोठ्या अँपिअरचा घ्या’ असा सल्ला दिला. घेतला. तीस नव्या एलईडी, पाच नवे ड्रायव्हर, सांगाडा तोच आणि स्क्रूही तेच. चार दिवसांनी दुसऱ्या गावच्या मिरवणुकीत तोच प्रकार, यावेळी आणखी लवकर. तुम्ही आज जो प्रश्न विचारताय, त्याचं चुकीचं उत्तर मी पैसे मोजून विकत घेतलं होतं, म्हणून एवढं लिहितोय. पहिल्या खेपेचे पाचही ड्रायव्हर मी नंतर तपासले. पाचही धडधाकट होते, त्यातले दोन आजही माझ्या वर्कशॉपच्या बाकावर उजेड देतात. कोडं सुटलं ते पावसाळ्यात, डेटाशीटमधल्या (आयसीच्या माहितीपत्रकातल्या) आकृतीवर बोट फिरवताना. बोट एलईडीच्या मायनसवरून कॉइलवर गेलं, आणि ते ग्राउंडवर का जात नाही हे कळायला मला तीन महिने लागले होते.

माझं ऐकून लगेच तिसरा सेट लावू नका, आधी तपासा. गाडीचाच ५ वॉटचा पार्किंग बल्ब ड्रायव्हरच्या प्लस इनपुटच्या सिरीजमध्ये घाला. तो मध्ये असेपर्यंत काही चुकलं तरी अर्ध्या अँपिअरच्या आतच राहील आणि एलईडी वाचतील. मग आयसीचा डिम पिन ग्राउंडला जोडा. म्हणजे आयसीला झोपायला सांगितलं. आता एलईडी पूर्ण विझायलाच हव्यात. तरीही पेटल्या, तर करंटला दुसरी वाट सापडली आहे हे पक्कं समजा. बॅटरीची वायर काढून मल्टिमीटरच्या बीपने एलईडीचा मायनस आणि पत्रा यांच्यात तपासलं तरी कळेल. स्क्रू काढल्यावरही बीप आला, तर हीटसिंकच्या (एलईडीची उष्णता काढणाऱ्या धातूच्या) बाजूला बघा. स्टार प्लेटच्या (एलईडी बसवलेल्या चकतीच्या) सोल्डरचा थेंब ॲल्युमिनियमला टेकलेला मी दोनदा पाहिलाय.

तुमच्या प्रश्नाखाली एकाने एक्सएल४०१५ चं मॉड्यूल सुचवलंय, कारण त्यात करंटची मर्यादा ठरवणारा स्क्रू असतो. चांगलं मॉड्यूल आहे, पण तुमचा रोग त्याने जाणार नाही. त्याच्या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये करंट मोजणारा शंट (छोटा रेझिस्टर) इनपुटच्या आणि आउटपुटच्या मायनसच्या मध्ये असतो. दोन्ही मायनस पत्र्याला लागले की शंट शॉर्ट होतो आणि करंटची मर्यादा नाहीशी होते. आयसी कुठलाही असू द्या, आउटपुटच्या दोन्ही वायरी फक्त एलईडीच्या. तीन दिवे तीन ड्रायव्हरवर असतील तर त्यांचे मायनसही एकमेकांत बांधू नका.

दुसऱ्याने एलएम२५९६ (फक्त व्होल्टेज स्थिर ठेवणारं मॉड्यूल) दहा व्होल्टला सेट करून लावा म्हटलंय. हे मला अजिबात पटत नाही. एलईडी तापली की तिचा व्होल्टेज अंशामागे दोनेक मिलिव्होल्टने उतरतो. तीन एलईडी ५० अंशांनी तापल्या की ०.३ व्होल्टचा फरक पडतो, आणि स्थिर व्होल्टेजवर तेवढ्याने करंट पाव अँपिअरने वाढू शकतो. करंट वाढला की आणखी ताप. आपल्याकडच्या मे महिन्यात, बंद हौद्यात, हे कुठे जाऊन थांबेल ते मी सांगू शकत नाही.

काही सुट्या गोष्टी. ड्रायव्हर चालू असताना एलईडी काढ-घाल करू नका. एक्सएल४०१५ सारख्या मॉड्यूलचा आउटपुट कपॅसिटर मोकळा असताना पूर्ण व्होल्टेजला चढून बसतो आणि जोडताक्षणी एलईडीत रिकामा होतो. आधी एलईडी जोडा, मग सप्लाय द्या. अँपिअर मोजायला मीटर घालतानाही हेच. बॅटरीजवळ १ अँपिअरचा फ्यूज घाला. तो वायरला आग लागू नये म्हणून आहे, एलईडी वाचवेलच असं नाही. सीटपर्यंतची वायर लांब असेल तर ड्रायव्हरच्या तोंडाशी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा. कॉइल ४७ ते १०० मायक्रोहेन्रीमधली घ्या, पण १ अँपिअरला सॅच्युरेट न होणारी, म्हणजे तेवढ्या करंटलाही आपलं काम न सोडणारी. खाऱ्या हवेत उघडे स्क्रू आणि टर्मिनल हिरवे पडतात, म्हणून जोड सोल्डर करून हीटश्रिंक (तापवल्यावर आक्रसणारी नळी) चढवा. आणि ट्रकवर हेच करणाऱ्यांनी लक्षात ठेवा: माझ्याकडच्या डेटाशीटमध्ये पीटी४११५ ला ३० व्होल्टची मर्यादा आहे, आणि २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये इंजिन चालू असताना २८ असतात. मी तिथे आता हा आयसी वापरत नाही.

मी सांगतोय ते बॅटरीवरच्या कामाचं. २३० व्होल्टच्या ड्रायव्हरला यातलं काहीही लावू नका. दिवा हौद्याच्या आतच वळवा आणि गाडी चालताना बंद ठेवा. जादा दिव्यांचे नियम तुमच्या आरटीओत विचारून घ्या.

आणि एलईडीच्या परतीच्या वायरीला काळा रंग वापरू नका. मी पिवळी वापरतो आणि दोन्ही टोकांना ‘बॉडी नाही’ असं लिहिलेली चिकटपट्टी गुंडाळतो. तुमची गाडी उद्या गॅरेजमध्ये जाईल, तिथल्या मुलाला एक सुटलेली काळी वायर दिसेल, आणि तो ती चांगल्या मनाने पत्र्याला कसून देईल.