वाचक विचारतात : रोपलेल्या मूलपेशी शरीर का नाकारतं?

प्रश्न : रुग्णाच्याच रक्तातल्या पेशींपासून आयपीएस पेशी (पक्व पेशींना मागे नेऊन बनवलेल्या मूलपेशी) तयार करून त्याच रुग्णाला दिल्या, तर शरीर त्या नाकारणार नाही ना? मग यावर इतका वाद कशासाठी?

बहुतेक वेळा नाकारत नाही, पण निर्धास्त राहता येत नाही. २०११ साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदराच्या आयपीएस पेशींपासून वाढलेल्या टेराटोमाच्या (मूलपेशींपासून होणाऱ्या, अनेक प्रकारच्या ऊती असलेल्या) गाठी त्याच स्ट्रेनच्या, म्हणजे जनुकीयदृष्ट्या सारख्याच उंदरांनी नाकारल्या होत्या. २०१३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी टेराटोमावर न थांबता आयपीएस पेशींपासून बनलेल्या पक्व ऊती रोपून पाहिल्या, तेव्हा प्रतिक्रिया जवळपास दिसलीच नाही. आमच्या मते यातला धडा साधा आहे : पेशी कुणाची आहे याइतकंच ती कोणत्या अवस्थेत रोपली हेही महत्त्वाचं असतं.

धोका मुख्यतः संवर्धनाच्या काळात शिरतो. पेशी महिनोन्‌महिने वाढवताना त्यांच्या डीएनएत बदल होतात. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतला एखादा बदलही नवं प्रतिजन, म्हणजे शरीराला परकी वाटणारी खूण, तयार करू शकतो आणि टी पेशी (परक्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) ते ओळखतात. दुसरी वाट माध्यमातून, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवातून येते. प्राण्यांचं सीरम किंवा उंदराच्या आधारपेशी वापरल्या, तर मानवी पेशी त्यांतलं एनजीएनए नावाचं सायलिक आम्ल उचलून स्वतःच्या पृष्ठभागावर बसवतात. माणसाचं शरीर ते बनवत नाही आणि बहुतेकांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं आधीपासून असतात. म्हणून रुग्णासाठी पेशी वाढवायच्या असतील, तर प्राणिजन्य घटक नसलेलं माध्यम सुरुवातीपासूनच वापरावं.

जपानमध्ये २०१४ साली एका रुग्णाच्या डोळ्यात तिच्याच आयपीएस पेशींपासून बनवलेला दृष्टिपटलाचा थर बसवला गेला. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं न देताही तो वर्षभरानंतर टिकून होता. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत मात्र जनुकीय बदल आढळले आणि ते रोपण थांबवलं गेलं.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत ल्युसिफरेज (पेशीला चमक देणारं विकर) घातलेल्या पेशी उंदराच्या स्नायूत टोचल्या. पाचव्या दिवशी चमक जवळजवळ संपली. हे रिजेक्शनच समजायचं का?

एवढ्यावरून नाही. या क्षेत्रात हीच गल्लत सर्वाधिक होते, म्हणून सविस्तर लिहितो.

टोचलेल्या पेशींपैकी मोठा हिस्सा पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रतिकारशक्तीचा काही संबंध नसताना मरतो. सुईतून जाताना पेशी फाटतात, आधाराचा पृष्ठभाग सुटल्यामुळे स्वतःहून मरणाकडे वळतात आणि नव्या रक्तवाहिन्या पोचेपर्यंत त्यांना ऑक्सिजन मिळत नाही. याउलट, ज्या उंदराने दात्याच्या पेशी आधी पाहिलेल्या नाहीत, त्याच्या टी पेशींना ओळख पटून, संख्या वाढून रोपापर्यंत पोचायला साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात. पाचव्या दिवसाची घसरण या दोहोंच्या सीमेवर पडते. त्यामुळे एकाच गटावरून निष्कर्ष काढू नका.

किमान तीन गट हवेत : त्याच स्ट्रेनचे उंदीर, वेगळ्या स्ट्रेनचे उंदीर आणि प्रतिकारशक्तीच्या टी, बी, एनके या तिन्ही पेशी नसलेले एनएसजी उंदीर. पहिलं मोजमाप टोचल्यावर काही तासांतच घ्या, नंतर १, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. दर वेळी ल्युसिफेरिनची (ल्युसिफरेजला चमकायला लागणाऱ्या द्रव्याची) मात्रा (सहसा किलोला १५० मिलिग्रॅम, पोटात) आणि इंजेक्शन ते कॅमेरा हे अंतर (१० ते १५ मिनिटं) तेच ठेवा, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. तिन्ही गटांत चमक सारखीच घसरली, तर दोष रोपणाच्या पद्धतीत शोधा. एनएसजीत टिकली, त्याच स्ट्रेनमध्ये टिकली आणि फक्त परक्या स्ट्रेनमध्ये गेली, तरच रिजेक्शन म्हणायला आधार मिळतो.

एनएसजीत टिकली पण त्याच स्ट्रेनच्या उंदरांत हळूहळू गेली, असं झालं तर दोन गोष्टी तपासा. ल्युसिफरेज आणि जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) ही उंदरासाठी परकी प्रथिनंच आहेत, त्यांच्याविरुद्धही टी पेशी तयार होतात. बाल्ब-सी स्ट्रेनचे उंदीर जीएफपीला ब्लॅक-सिक्स स्ट्रेनपेक्षा जास्त तीव्र प्रतिसाद देतात. दुसरं, पेशी नराच्या आणि उंदीर मादी असेल, तर वाय गुणसूत्रावरची प्रथिनं पुरेशी ठरतात. ब्लॅक-सिक्स माद्या त्याच स्ट्रेनच्या नराची त्वचा नाकारतात, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. दोन्हीकडे एकच लिंग ठेवलं की हा गोंधळ टळतो.

परक्या स्ट्रेनमध्ये चमक दोन-तीन दिवसांतच गेली आणि एनएसजीत मात्र टिकली, तर संशय एनके पेशींवर घ्या. त्या काढून पाहायच्या तर ब्लॅक-सिक्समध्ये पीके-१३६ हे प्रतिपिंड चालतं. बाल्ब-सीच्या पेशींवर त्याचं लक्ष्यच नसतं, तिथे असिअ‍ॅलो-जीएम१विरोधी सीरम वापरावं लागतं. हे न पाहता 'एनके पेशी काढल्या, तरी फरक पडला नाही' असं लिहिलेलं आढळतं तेव्हा वाईट वाटतं, कारण त्या काढल्याच गेलेल्या नसतात.

चमकेच्या जोडीला थेट पुरावाही लागतो. सातव्या दिवसाच्या सुमारास प्लीहेतल्या पेशी किरणोत्सारित दातापेशींबरोबर ठेवून इंटरफेरॉन-गॅमाचा एलिस्पॉट (किती पेशी ते प्रथिन सोडतात, हे मोजणारी चाचणी) करा. दोन-तीन आठवड्यांनी सीरम घेऊन ते दात्याच्या पेशींना चिकटतं का, हे फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) पाहा. पेशींवरचे, कुठलंही प्रतिपिंड धरणारे एफसी रिसेप्टर आधी झाकायला विसरू नका, नाहीतर खोटा होकार येतो. रोपाच्या कापांत सीडी४ आणि सीडी८ टी पेशी कडेला थांबल्या आहेत की आत शिरल्या आहेत, हे नोंदवा. एवढ्यानेही शंका उरली, तर १९४३ मध्ये गिब्सन आणि मेडावर यांनी त्वचारोपणात दाखवलेली कसोटी आहेच. त्याच दात्याच्या पेशी दुसऱ्यांदा रोपा. त्या पहिल्यापेक्षा लवकर गेल्या आणि तिसऱ्याच दात्याच्या पेशी नेहमीच्या वेगाने गेल्या, तर शरीराने त्या दात्याची आठवण ठेवली आहे. ऑक्सिजनअभावी होणाऱ्या मृत्यूत अशी आठवण राहत नाही.

आणि तुमच्या पेशी मानवी असतील व उंदराची प्रतिकारशक्ती शाबूत असेल, तर हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे. ते परजातीय रिजेक्शन झालं. माणसाकडून माणसाला रोपण केल्यावर काय होईल, याबद्दल त्यातून फारसं कळत नाही.

प्रश्न : भावाची बोन मॅरो '१० पैकी १०' जुळली, तरीही जीव्हीएचडीची (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करण्याची) भीती का सांगतात?

त्या दहा खुणा म्हणजे एचएलए (पेशीची ओळख पटवणारी प्रथिनं) बनवणाऱ्या एचएलए-ए, बी, सी, डीआरबी१ आणि डीक्यूबी१ या पाच जनुकांच्या प्रत्येकी दोन प्रती. ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि सहसा एकगठ्ठा वारशाने येतात, म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. पण भावंडांची बाकीची हजारो जनुकं वेगळी असतात. त्यांच्या प्रथिनांचे तुकडे जुळलेल्या एचएलएवरच मांडले जातात आणि दात्याच्या टी पेशींना परके वाटतात. यांना दुय्यम प्रतिजनं म्हणतात. बहिणीकडून भावाला दिलेल्या रोपणात वाय गुणसूत्रामुळे यांची भर पडते, बहीण आधी गरोदर राहिलेली असेल तर जास्तच. इथे दिशा उलटी असते, हेही लक्षात घ्या : रोपलेल्या टी पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर आणि यकृतावर हल्ला करतात. म्हणून पूर्ण जुळणी असतानाही प्रतिबंधक औषधं देतात. त्यांपैकी एक पद्धत म्हणजे रोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी किलोला ५० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड. त्या वेळी चेकाळून विभाजत असलेल्या टी पेशी त्यात मोठ्या प्रमाणावर मरतात, पण रक्ताच्या मूलपेशींकडे औषध निष्प्रभ करणारं विकर भरपूर असल्याने त्या वाचतात.

प्रश्न : एचएलएच अडचण असेल, तर क्रिस्परने (जनुक संपादनाच्या तंत्राने) ते काढूनच का टाकत नाहीत?

काढतात. बी२एम हे जनुक बंद केलं की पहिल्या वर्गाचं एचएलए पृष्ठभागावर येत नाही, सीआयआयटीए बंद केलं की दुसऱ्या वर्गाचं. अडचण पुढे आहे. परकं एचएलए दिसलं की टी पेशी मारतात, आणि एचएलए दिसलंच नाही की एनके पेशी मारतात. त्यांना थोपवायला काही गट एचएलए-ई बसवतात. पण एनकेजी२ए हा रिसेप्टर असलेल्या एनके पेशी त्यामुळे शांत होतात, तर एनकेजी२सी असलेल्या उलट चेतवल्या जाऊ शकतात. क्योटोच्या गटाने २०१९ मध्ये एचएलए-ए आणि बी काढून सी राखण्याचा मार्ग दाखवला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दोन्ही वर्ग बंद करून सीडी४७ (भक्षकपेशींना 'मला खाऊ नका' सांगणारं प्रथिन) वाढवलं, तेव्हा त्या पेशी शाबूत प्रतिकारशक्तीच्या परक्या उंदरांतही टिकल्या.

या पेशी तपासताना एक काळजी घ्या. पेशींना ४८ तास इंटरफेरॉन-गॅमा देऊन मगच एचएलए मोजा. अविभेदित मूलपेशींवर ते मुळातच कमी असतं, त्यामुळे संपादन फसलेल्या पेशीही स्वच्छ दिसतात. शिवाय सीडी४७ची परीक्षा एनएसजीत घेऊ नका. त्यांच्या भक्षकपेशींवरचा सर्प-अल्फा हा रिसेप्टर मानवी सीडी४७ला नेहमीपेक्षा घट्ट धरतो, त्यामुळे निकाल आहे त्याहून चांगला दिसतो.

आणि अशा पेशीत विषाणू शिरला किंवा ती कर्करोगाकडे वळली, तर तिला पकडणारी यंत्रणाही आंधळीच असते. म्हणून आयकॅस्पेस-९सारखा, औषध देताच पेशी मारणारा स्विच सोबत बसवणं आम्हाला आवश्यक वाटतं.

प्रश्न : मेसेन्कायमल पेशींना (अस्थिमज्जा, चरबी अशा ऊतींतून घेतलेल्या मूलपेशींना) जुळणी लागत नाही, हे खरं का?

अर्धवट खरं. त्या काही काळ टी पेशींना शांत करतात, पण परक्या दात्याच्या असतील तर शेवटी नाकारल्या जातात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडंही तयार होतात. शिरेतून देताना आणखी एक धोका असतो : त्यांच्या पृष्ठभागावरच्या टिश्यू फॅक्टरमुळे रक्त गोठू शकतं. त्याचं प्रमाण पेशी कोणत्या ऊतीतून घेतल्या आणि किती वेळा पुनर्संवर्धित केल्या, यावर बदलतं. म्हणून प्रत्येक बॅचची ती चाचणी वेगळी करावी.