साल्हेरला जा, पण आधी त्याला पोरीशी बोलू दे

अगं माय, पत्र दोनदा वाचलं तुझं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा, आणि नवऱ्याने दिवाळीच्या सुट्टीत नाशिक जिल्ह्यातला साल्हेर किल्ला चढायचा धोशा लावलाय, २०२५ मधे आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत आले तेव्हापासून तर रोज रात्री व्हिडिओच बघत बसतो. सासूबाई म्हणतात लेकरं घेऊन कसले डोंगर चढता, गाडीने थंड हवेच्या तोरणमाळला जा. आणि तू विचारतेस, मी कोणाची बाजू घेऊ.

बाजू राहू दे. तू अगदी शेवटी जाताजाता लिहिलंय ना, की पावसाळ्यात धुळ्याजवळचा लळिंग किल्ला उतरताना पोरगी रडली आणि हा सगळ्यांसमोर तिला घाबरट म्हणाला, तेव्हापासून किल्ल्याचं नाव काढलं की ती गप्प होते, मला तर सगळं दुखणं तिथेच दिसतंय. कारण बघ, ज्या पोराला एकदा घाबरट म्हटलं ते पुढच्या वेळी काही सांगतच नाही. पाय लटपटतोय, डोकं गरगरतंय, तहान लागलीय, सगळं गिळून चालत राहतं, आणि साल्हेरच्या कातळातल्या पायऱ्यांवर हे फार महागात पडू शकतं. १५६७ मीटरचा किल्ला आहे तो, राज्यातला सगळ्यात उंच, लळिंगसारखा हायवेवरून उतरून सकाळी जाऊन यायचा नाही. मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागणारी पायरी पाच वर्षांच्या पोराच्या कमरेला येते गं.

म्हणून पहिलं काम, नवऱ्याने पोरीजवळ बसून स्वतःच्या तोंडाने सांगायचं की मी चुकलो, तसं बोलायला नको होतं. तू त्याच्या वतीने सांगू नकोस, ते चालत नाही. दुसरं, थांबायचं कधी ते तिने ठरवायचं. ती बस म्हणाली की बस, टोमणा नाही, ‘अजून थोडंच राहिलंय’ही नाही. आधी लळिंगलाच परत जाऊन हे करून बघा आणि खरंच तिच्या शब्दावर मागे फिरा. एकदा तिला खात्री पटली ना की ती आपणहून पुढे जाईल बघ.

आता साल्हेर. दिवाळीला नको, आपल्याकडे तेव्हा दुपारचं ऊन अजून चटके देतं आणि लहान पोरांचं अंग लवकर तापतं. डिसेंबर-जानेवारीत जा. आदल्या दिवशी साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद करत पायथ्याला मुक्काम करा, गावातला एक वाटाड्या बरोबर घ्या आणि उजाडताच चढायला लागा. मोठ्यांना अडीच-तीन तास लागतात, तुम्ही पाच धरा. बारा वाजले की जिथे असाल तिथून उतरायचं, हे घरीच ठरवून निघा, वर गेल्यावर माणसाचा मोह सुटत नाही. परशुरामाच्या मंदिरापर्यंत नाही पोचलात तरी गंगासागर तलावाशी बसून दशमी न् शेंगदाण्याची चटणी खाल्ली तरी पोरं खूश असतात.

नवरा म्हणतो छोट्याला खांद्यावर घेईन, ते अजिबात नको, भार वर गेला की तोल जातो आणि आपलेच पाय दिसत नाहीत. हात धरून चालवायचं, दरीच्या बाजूला मोठ्याने राहायचं, उतरताना मोठा माणूस पोराच्या खालच्या पायरीवर. पोरं मागतील तेव्हा नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी द्या, आणि ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, कमी पाण्यात नाही. बडबडं पोर एकदम गप्प झालं किंवा बराच वेळ सू लागली नाही तर सावली बघून थांबा न् खाली चला. अजून एक, कड्यांना आग्या मोहोळं असतात, तेव्हा सेंट नको, धूर नको, आरडाओरडा नको.

सासूबाईंची काळजी खोटी नाहीये गं, त्यांना गप्प करू नकोस, कामाला लावा. मोबाईलच्या रेंजचा भरवसा नसतो, म्हणून वाटाड्याचा नंबर आणि तुमची खाली यायची वेळ कागदावर लिहून त्यांच्याकडे द्या, चारपर्यंत फोन आला नाही तर त्या नंबरवर लावायचा.