बांधकाम आणि आपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा दहावी पास झाला. त्याला आयटीआयमधून वायरमन व्हायचंय. नातेवाईक म्हणतात डिप्लोमा करू दे. (सातारा)

उत्तर : त्याला ओढ असेल तर निर्धास्त पाठवा. वायरमन आणि इलेक्ट्रिशियन हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे, प्लंबरचा एका वर्षाचा. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन घेऊन कामावर शिकता येतं. ती संधी मात्र सोडू देऊ नका. स्लॅबमध्ये पाइप टाकताना आणि डीबी (वायरिंगची वाटणी करणारी पेटी) भरताना जे कळतं, ते वर्गात कळत नाही.

प्रश्न : घर बांधायला काढलंय. ठेकेदार पायाआधीच ४० टक्के मागतो. द्यावेत का? (नाशिक)

उत्तर : एवढे देऊ नका. पण एक पैसाही न देता ‘काम सुरू करा’ म्हणणंही बरोबर नाही. सेंट्रिंगचं सामान (स्लॅबखालच्या फळ्या-टेकू) आणि मजुरांची उचल त्याला आधी भरावी लागते. मी दहा टक्क्यांच्या आसपास द्यायला सांगतो. बाकीचे टप्प्यांना बांधा : जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखायचे, पण तसं करारात आधीच लिहून.

बहुतेक भांडणं मापावरून होतात. चौरस फुटाचा दर ठरतो, पण त्यात बाल्कनी, जिना, टाकी धरली का? दर नुसत्या मजुरीचा की मालासकट? सळईचं वजन कोणासमोर करायचं? जादा काम सांगितलंत तर त्याच दिवशी वहीत दर लिहून दोघांनी सही करा. पाणी कोण मारणार, हेही लिहा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटचं काँक्रीट किमान १० दिवस ओलं राहायला हवं, आणि नेमकं हेच काम दोघंही एकमेकांवर ढकलतात. टप्पा झाला की हप्ता मात्र अडवू नका. मालकाने हप्ता थांबवला की आठवड्याचा पगार थांबतो आणि गवंडी दुसऱ्या साइटवर जातो.

प्रश्न : मी छोटा ठेकेदार. नवी पोरं हंगामभरही टिकत नाहीत. (कोल्हापूर)

उत्तर : वर्षभर नुसती घमेली उचलायला लावलीत तर का टिकतील? रोज तासभर थापी-ओळंबा हातात द्या. कंपाउंडच्या भिंतीवर हात बसू द्या. बिगारीचा गवंडी कधी होणार आणि रोजची मजुरी किती वाढणार, हे पहिल्याच दिवशी सांगा. वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. त्यासाठी लागणारा कामाचा दाखला द्यायला टाळाटाळ करू नका. आणि सेफ्टी बेल्ट घ्याच. पोरगं वरून पडेल या धास्तीनेही आईबाप पाठवत नाहीत.

प्रश्न : स्वतःच्या प्लॉटवर बांधलेल्या घराची गच्ची गळते, ठेकेदार फोन उचलत नाही. महारेराकडे जाऊ? (लातूर)

उत्तर : तिथे तुमचं काम होणार नाही. महारेरा बिल्डरांच्या प्रकल्पांसाठी आहे, स्वतःच्या प्लॉटवरच्या ठेक्यासाठी नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ‘सेवे’त मोडते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. आधी लेखी नोटीस पाठवा. गच्ची दुरुस्त करण्यापूर्वी त्रयस्थ इंजिनिअरकडून लेखी पाहणी करून घ्या, नाहीतर पुरावा त्या दुरुस्तीखाली गाडला जाईल.